‘जा’ म्हटल्याबिगार

“मला पोरांची आवड न्हाई, गुर्जी.”

शेवंताबाई माझ्याशी बोलल्या त्यातलं हे पहिलं वाक्य. अंगणवाडीच्या पायरीवर त्या उभ्या होत्या. पदराला तीन पोरं लोंबकळत होती, चौथं त्यांच्या चपला उलट्या घालून अंगणात फिरत होतं, आणि बाई मला हे सांगत होत्या. मी आपला हसलो. थट्टा करत असतील असं वाटलं. पुढं सहा वर्षं त्यांच्या शेजारी काढल्यावर कळलं, की बाईंना थट्टा उत्तम येत होती, पण ही थट्टा नव्हती.

मी सांगलीचा. आंतरजिल्हा बदलीत सातारा मिळाला म्हणून घरी पेढे वाटले, आणि मग कळलं की आपला सातारा म्हसवडच्याही पुढं आहे. कुसळं आणि वारा सोडला तर तिथं सगळं बाहेरून आणावं लागतं. गावाचं नाव मी सांगणार नाही, कारण त्यातली निम्मी माणसं वाचतात आणि उरलेली निम्मी भांडतात. जिल्हा परिषदेची चार खोल्यांची शाळा, मी धरून दोन शिक्षक, आणि त्याच आवारात कोपऱ्याला एका खोलीची अंगणवाडी. अंगणवाडीच्या दारासमोर एक कडुनिंब आणि त्याच्याखाली एक लांबट दगड. अंगणवाडीचं खातं वेगळं असल्यामुळं ती काही माझ्या हाताखाली येत नव्हती. शेवंताबाई तर कुणाच्याच हाताखाली येत नव्हत्या.

बाई ठेंगण्या, काटक, डोक्यावरचा पदर कधी न ढळलेला. गावातल्या निम्म्या लोकांना त्यांनी अक्षरओळखीआधी नाक पुसायला शिकवलेलं होतं. त्यामुळं सरपंच समोर आले तरी त्या आधी त्यांच्या नाकाकडं बघायच्या. पोराला मांडीवर घेणं, गालगुच्चा घेणं, ‘माझं बाळ गं ते’ करणं यातलं काहीही त्या करत नसत. एकदा मी न राहवून विचारलंच.

“आवड आसली की काय व्हतं, गुर्जी,” त्या म्हणाल्या, “आपल्याला पायजे तवा पोर उचलायचं आन् कटाळा आला की खाली ठेवायचं. पोराला काय कळंना हुतं, ह्यो मानूस कवा उचलंल आन् कवा ठेवंल. मी आवडीवर न्हाई, मी कामावर हाय.”

हे काम मे महिन्यात सुरू व्हायचं. अंगणवाडी तशी बारमाही, पण नवी पोरं यायची ती जूनमध्ये, शाळा उघडतात तेव्हा. मी उन्हाळ्यात सांगलीला जाऊन भडंग खात पडलेला असायचो, तेव्हा बाई काळी छत्री घेऊन वाड्यावस्त्या फिरत असायच्या. जूनमध्ये ज्यांचं पोर येणार त्या प्रत्येक घरी. गेल्या की चहा घ्यायच्या नाहीत, आधी प्रश्न. पोर कशाला भितंय? शी-शू लागली की काय म्हणतंय? आणि रडलं की कुणाकडं जातंय? नाव, जन्मतारीख, आधार कार्ड हे सगळं नंतर.

उत्तरं लिहायला त्यांच्याकडं वही नव्हती. गावच्या दूध डेअरीचं एक मोठ्या चौकोनांचं कॅलेंडर असतं, किती लिटर घातलं ते लिहायला. त्याची जूनची पानं त्या जपून ठेवायच्या. एका चौकोनात एक पोर. म्हणून बाईंच्या बोलण्यात पोरांना नावं कमी आणि तारखा जास्त. “बारा तारीख आज आली न्हाई, तिची आज्जी गेली का काय बगा.” “गुर्जी, सा तारखंला लागली की ती ‘मोटार आली’ म्हनती. तुमी रस्त्याकडं बगत बसू नका, तिला न्या.” मी खरंच एकदा रस्त्याकडं बघत बसलो होतो. सहा तारखेनं माझी चटई भिजवली आणि वर माझ्याकडंच रागानं बघितलं.

माझ्या पहिल्याच वर्षी, शाळा उघडायच्या आधीच्या आठवड्यात बाई माझ्या ऑफिसच्या दारात आल्या आणि म्हणाल्या, “गुर्जी, बसा.”

“बसलोच आहे की, बाई.”

“खुर्चीवर न्हवं. हितं. उकिडवं.”

का कुणास ठाऊक, मी बसलो. मुख्याध्यापक होऊन मला तेव्हा जेमतेम महिना झाला होता, आणि हुकूम ऐकायची सवय अजून गेली नव्हती. मग बाई पुढं आणि मी मागं, असे दोघे उकिडवे सरकत आम्ही सगळी शाळा फिरलो. वीस वर्षं मी शाळांतून वावरतो, पण अशी शाळा मी पाहिली नव्हती. खिडकीची लोखंडी कडी बरोबर डोळ्याच्या उंचीला. हात धुवायचा नळ आभाळात. संडासाची कडी त्याच्याही वर, आणि दार लावलं की आत मिट्ट अंधार. भिंतीवर शाळेनं हौसेनं रंगवून घेतलेला वाघ उभ्या माणसाला गोजिरवाणा दिसायचा. खालून त्याचा फक्त लालभडक जबडा समोर येत होता. शेवटी आम्ही माझ्या ऑफिसच्या उंबऱ्यापाशी पोचलो.

“आता सांगा, काय दिसतंय?”

मी बघितलं. टेबलाचे चार पाय. आणि बाजूला खिळ्याला टांगलेली, नकाशा दाखवायची माझी काठी.

“हितनं तुमी दिसतच न्हाई, गुर्जी,” बाई म्हणाल्या. “निस्ती काठी दिसती.”

ती काठी मी त्याच दिवशी घरी नेली. अजून आहे, पडद्याला लावलीय.

आम्ही परत सरकत सरकत नळापाशी आलो, तेवढ्यात विस्तार अधिकारी साहेबांची मोटारसायकल आवारात शिरली. मुख्याध्यापक आणि अंगणवाडी सेविका नळाखाली उकिडवे बसलेले बघून साहेबांचा चेहरा असा झाला की मला तिथंच राजीनामा द्यावासा वाटला. मी धडपडून उठायला लागलो, तर बाईंनी माझी बाही धरून खाली ओढलं आणि साहेबांना म्हणाल्या, “साहेब, तुमी बी बसा.”

साहेब भल्या पोटाचे. पण बाईंच्या आवाजात काय होतं कोण जाणे, बसले. बाईंनी त्यांना नळ दाखवला, कडी दाखवली, वाघ दाखवला. साहेब ‘हं हं’ करत होते. सगळं बघून झाल्यावर त्यांना उठता येईना. गुडघ्यानं दगा दिला. मी एका बाजूनं आणि आमचे दुसरे गुरुजी दुसऱ्या बाजूनं, तरी जमेना. शेवटी साहेबांनी तिथंच बसल्या बसल्या कागद मागवला आणि ठेंगण्या नळाच्या प्रस्तावावर शिफारस लिहून सही केली. मी नोकरीत बरेच प्रस्ताव केले, पण इतक्या लवकर सही झालेला तेवढा एकच.

पुढं एकदा तालुक्याला शाळापूर्व तयारीचं प्रशिक्षण होतं. पुण्याहून आलेल्या मॅडम पडद्यावर चित्रं दाखवत होत्या, बाई तिसऱ्या रांगेत शांत झोपल्या होत्या. मॅडमनी विचारलं, “मुलं शाळेत येण्याआधी त्यांची कोणती तयारी करून घ्याल?” कुणी म्हणालं रंग, कुणी म्हणालं अंक, कुणी एबीसीडी. बाईंच्या शेजारणीनं त्यांना ढोसलं. त्या उठल्या, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, “पोरांची कशापायी? पोरं तयारच हाईत. तयारी शाळंची करायची.” आणि पुन्हा बसल्या. शेवटी अभिप्रायाच्या कागदावर त्यांनी लिहिलं, ‘चा चांगला होता.’

आता त्यांच्या खऱ्या नियमाकडं येतो, कारण माझी खरी फजिती त्याच्यावरून झाली.

आपल्याकडं पोराला शाळेत सोडायची एक जुनी रीत आहे. आई पोराला घेऊन येते, पोर पदर सोडत नाही, मग कुणीतरी म्हणतं, “ते बघ, कावळा!” पोर वर बघतं, आणि आई पसार. पोर खाली बघतं तर आई नाही. सगळं गाव हे करत आलंय, माझ्या आईनंही केलंय. शेवंताबाईंच्या दारात हे चालत नसे. “कावळा दावून आई पळती,” त्या म्हणायच्या, “आन् मग पोर जलमभर वर बगायला भितंय.” त्यांचा नियम साधा होता. आईनं पोराला तोंडावर सांगायचं, मी जाते, अमुक वेळेला येते. आणि पोरानं ‘जा’ म्हटल्याबिगार जागचं हलायचं नाही. तोवर कडुनिंबाखालच्या दगडावर बसायचं, पोराला दारातून दिसेल असं. एक दिवस लागो, आठ दिवस लागोत. आणि ‘जा’ म्हटल्यावर मात्र मागं वळून बघायचं नाही. “वळून बगितलं की पोराला वाटतं, आपलं कायतरी चुकलं.”

हे त्यांना कुणी शिकवलं, असं मी विचारलं होतं. त्या हरभरे निवडत होत्या, मान वर न करता सांगितलं. लग्न झाल्यावर बाप त्यांना सासरी पोचवायला आला होता. दुपारी म्हणाला, “बैलास्नी पानी दावून आलो गं.” आणि गाडी जुंपून गेला. शेवंता उंबऱ्यात दिवस मावळेपर्यंत बसून होती. “चांगला व्हता वो बाप,” बाई म्हणाल्या. “त्येला माजं रडं बगवंना म्हून गेला. पंचमीला आला न्यायला, बांगड्या घिऊन. पर मी काय त्येच्यासंगं धड बोलले न्हाई. बैल दिसलं की आजबी मला राग येतो.” आणि खडखडून हसल्या. मलाही हसावं लागलं, पण हरभऱ्यातले खडे मात्र मी खाली मान घालून निवडले.

माझं दुसरं वर्ष. मला कार्यक्रमाची भारी हौस. मंडप, फलक, माइक म्हटलं की मला भूक लागत नाही. त्या साली प्रवेशोत्सव असा करायचा की तालुक्यात नाव व्हावं, असं मी ठरवलं. फुग्यांची कमान, हलगी, लेझीम, नव्या पोरांची सजवलेल्या ट्रॅक्टरमधून मिरवणूक. अंगणवाडीची नवी पोरंसुद्धा त्यातच. बाईंनी कॅलेंडरचं पान आणून माझ्या टेबलावर पसरलं.

“नऊ तारीख बगा. फुग्याचं भ्या हाय. जत्रंत तोंडासमोर फुटलाय.”

“बाई, फुग्याला कोण भितं?”

“नऊ तारीख भिती,” बाई म्हणाल्या. “ल्हिलंय की.”

नऊ तारीख म्हणजे बिरू, मेंढपाळाचं पोर, साडेतीन वर्षांचं, डोळे मोठे आणि बोलणं नाहीच. घरचे लोक मेंढरं घेऊन दिवाळीनंतर खाली ऊसपट्ट्यात उतरायचे आणि वळवाच्या पावसाच्या सुमाराला परत यायचे. त्या घरात तोवर कुणी शाळेत गेलं नव्हतं. बाई मे महिन्यात त्यांच्या वस्तीवर तीनदा गेल्या होत्या. शेवटी बाप एवढ्यावर तयार झाला: दिवाळीपर्यंत पोर शाळेत रमलं, तर आजी त्याच्यासाठी गावात मागं राहील. नाही रमलं, तर ते मेंढरांमागं जाईल, आणि मग पुन्हा विचारायला यायचं नाही. बाईंनी मला हे सगळं सांगितलं होतं. मी ‘हो हो’ म्हटलं आणि फुगे मागवले.

उत्सव झकास सुरू झाला. हलगी कडाडली, लेझीम खळाळली, पोरं कमानीखाली आली. बिरू आजीचा हात धरून होता. मला माइकवर जायची घाई. मला वाटलं, आज्ज्या, आया बाजूला झाल्या की पोरं ओळीत येतील. मी आजीकडं बघून हातानं खूण केली, की बघतंय तिकडं तोवर सटका. गुर्जींनीच सांगितल्यावर ती बिचारी काय करणार, गेली. आणि त्याच वेळी उन्हानं तापलेला एक फुगा फुटला, मग त्याच्या शेजारचा, मग चार-पाच. हलगीवाल्याला वाटलं फटाके लागले, त्यानं आणखी जोर धरला.

ओळ मोजली तेव्हा बिरू नव्हता.

ती अर्धी घटका मी विसरणार नाही. माइक पडला, फेटा सुटला, मी ओढ्याकडं पळालो, कुणी विहिरीकडं, कुणी रस्त्याकडं. सगळं गाव ‘बिरू, बिरू’ करून ओरडत होतं. शेवंताबाई पळाल्या नाहीत. त्या अंगणवाडीत गेल्या, भिंतीवरचं पान बघितलं आणि शाळेच्या मागच्या घराच्या परड्यात शिरल्या. तिथं त्या घरच्या शेळीची करडं डालग्याखाली झाकून ठेवलेली असायची. बाईंनी डालगं उचललं. दोन करडं आणि त्यांच्या मधोमध गुडघ्यात डोकं घालून बिरू.

चौकोनात लिहिलं होतं, रडलं की आजीकडं जातो, आजी नसली की कोकरांत.

बाईंनी त्याला उचललं नाही. त्या तिथंच जमिनीवर बसल्या, आणि गावाला हातानं लांब राहायला सांगितलं. बऱ्याच वेळानं पोरानं आपणहून त्यांचं बोट धरलं. मी जवळ गेलो. बाई माझ्यावर ओरडतील असं वाटत होतं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, “फुगं फुटत्यात, गुर्जी. त्येचं काय न्हाई. तुमी आज्जीला पळवली.”

दुसऱ्या दिवशी बिरू आला नाही. तिसऱ्या दिवशी बाप येऊन सांगून गेला, “न्हाई पाठवनार. शाळंपरास मेंढरं बरी, ती दगा देत न्हाईत.” मला त्या रात्री जेवण गेलं नाही. एका पोराची शाळा माझ्या हौसेनं मोडली होती, हे काही कुठल्या अहवालात येणार नव्हतं, पण मला ठाऊक होतं.

चौथ्या दिवशी सकाळी बाई म्हणाल्या, “चला. माफी मागायला.”

“बापाची?”

“बापाची कशापायी? ज्येला फशिवलं त्येची.”

वस्तीवर गेलो. बिरू मेंढरं कोंडायच्या वाघरीच्या जाळीपलीकडं कोकरांत उभा होता. मी उकिडवा बसलो, तेवढं आता जमत होतं, आणि साडेतीन वर्षांच्या पोराला म्हणालो, “माझं चुकलं. मी आजीला न सांगता जायला सांगितलं. परत असं करणार नाही.” त्यानं माझ्याकडं बघितलं, मग कोकराला चोखायला देतात तसं एक बोट माझ्याकडं केलं आणि काढून घेतलं. बाप बाजूला उभा राहून हे बघत होता. आयुष्यात पहिल्यांदाच गुर्जी खाली आणि आपलं पोर वर असं त्यानं पाहिलं असावं. बोलली ती आजी.

“मी बसते की त्येच्यासंगं. कवापतूर बसायचं?”

“त्यो जा म्हनंपतूर,” शेवंताबाई म्हणाल्या.

मग आजी रोज येऊन दगडावर बसायला लागली. येताना लोकर आणि चाती घेऊन यायची आणि कातत बसायची. बिरू दारात पाठ टेकून बसायचा, एक डोळा आत, एक डोळा आजीवर. असे किती दिवस गेले ते बाईंनी मोजले नाहीत आणि मलाही मोजू दिले नाहीत. “मोजायला लागलं की घाई सुटती.” मी रोज खिडकीतून बघायचो. बिरू आधी दारात, मग दाराच्या आत, मग खिडकीपाशी. प्रत्येक पोराला बाईंनी भिंतीत त्याच्या हाताला पोचेल अशी एक खुंटी दिली होती, आणि त्यावर घरून आणलेली एक चिंधी त्यानंच बांधायची, आईच्या लुगड्याची, बापाच्या टोपीची, कसलीही. बिरूची खुंटी मोकळीच होती. एका सकाळी त्यानं आजीच्या पुढ्यातली लोकर मूठभर उचलली, आत गेला आणि खुंटीला गुंडाळली. मग दारात येऊन आजीला म्हणाला, “जा.”

त्याचं शाळेच्या आवारात ऐकू आलेलं ते पहिलं अक्षर. आजी लगेच उठली नाही, तिला खरंच वाटेना. बाई आतून ओरडल्या, “आवं आज्जी, जा म्हनलाय न्हवं? उठा. आन् मागं बगू नका.” आजी निघाली, फाटकातून गेली, मागं बघितलं नाही. इकडं मी मात्र ऑफिसात तोंड धुवायला गेलो. दिवाळीनंतर मेंढरं खाली गेली, तेव्हा आजी आणि बिरू गावात राहिले.

पुढच्या वर्षीपासून आमचा प्रवेशोत्सव तालुक्यातला सगळ्यात शांत उत्सव झाला. फुगे नाहीत, हलगी नाही, नवी पोरं एकाच दिवशी सगळी नाहीत, रोज तीन-तीन. शाळा उघडायच्या आधी आमच्याकडची मोठी मंडळी उकिडवी सरकत फेरी मारायची, ती मात्र वाजतगाजत. सरपंचसुद्धा यायचे, नाक पुसून.

असं करता करता बाईंची निवृत्ती आली. पावसाळा सरत आला होता, नवी पोरं रुळली होती. मी मंडप सांगायच्या बेतात होतो. बाईंनी नुसतं माझ्याकडं बघितलं, मी मंडप विसरलो. मला वाटलं, या बाई कार्यक्रम नको म्हणून गुपचूप निघून जाणार. पण शेवटच्या दिवशी खिचडी झाल्यावर त्या प्रत्येक पोरापुढं बसल्या, उकिडव्या, आणि एकेकाला सांगितलं, “मी उद्यापास्नं येनार न्हाई. नवी ताई येनार हाय. तिला तुजा चौकोन ठावं हाय. जाऊ का?” पोरं ती, त्यांचं काय. कुणी खेळता खेळता म्हणालं जा, कुणी मान हलवली, कुणी म्हणालं जाताना गोळी आन. सगळ्यांनी सोडलं. बाईंनी छत्री घेतली आणि फाटकाशी आल्या.

फाटकात बिरू उभा होता. आता तिसरीत, दोन दात पडलेले, आणि बोलण्यात अख्ख्या शाळेला ऐकणारा नव्हता.

“मला कुटं इचारलंस?”

“तू आता अंगनवाडीत न्हाईस, रं.”

“मग काय झालं? इचार की.”

बाईंनी छत्री टेकवली. पोरांची आवड नसलेल्या त्या बाई क्षणभर कुठं बघावं ते न कळल्यासारख्या उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, “मी जाते आता. जाऊ का?”

“न्हाई,” बिरू म्हणाला आणि वर्गात निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेत आलो, तर शेवंताबाई कडुनिंबाखालच्या दगडावर बसलेल्या. सेवा संपलेली, सह्या झालेल्या. नवी ताई गोंधळून माझ्याकडं बघायला लागली. मी बाईंना म्हणालो, “अहो बाई, पोरगं आहे ते, गंमत करतंय. जा तुम्ही घरी.”

“गुर्जी,” त्या म्हणाल्या, “एवड्या बायास्नी ह्या दगडावर बशीवलं मी. आज माजी पाळी आली तर कावळा दावू व्हय?”

त्या रोज आल्या. हरभरे, मटकी, जे असेल ते निवडत बसायच्या. अंगणवाडीत पाय ठेवला नाही, नव्या ताईला एक शब्द सुचवला नाही. ताईचा पहिला दिवस रडारडीत गेला, दुसरा जरा बरा गेला. बिरू मधल्या सुट्टीत यायचा, बाईंकडं बघायचा, मग अंगणवाडीच्या दारात जाऊन आत बघायचा आणि परत खेळायला पळायचा. पोरगं काय बघतंय ते माझ्या उशिरा ध्यानात आलं. बाईंच्या ते पहिल्याच दिवशी ध्यानात आलं असणार.

एका दुपारी अंगणवाडीतलं एक नवं पोर दारात उभं राहून रडत होतं. ताई धावत आली आणि उचलायला वाकली. मग थांबली आणि त्याच्या पुढ्यात उकिडवी बसली. बिरू ते बघत होता. मग तो कडुनिंबाखाली आला.

“जा आता,” म्हणाला. “तुजी म्हस वरडत आसंल.”

बाईंनी निवडलेली मटकी पिशवीत भरली. लुगडं झटकलं. बिरूच्या नाकाकडं एकदा बघितलं, ते स्वच्छ होतं. आणि निघाल्या. मी ऑफिसच्या दारात उभा होतो. काळी छत्री फाटकातून बाहेर पडली, डेअरीवरून पुढं गेली, वळणापाशी बारीक झाली. त्यांनी मागं वळून बघितलं नाही.

बरंच झालं बघितलं नाही ते. मला त्यांनी विचारलं नव्हतं, आणि विचारलं असतं, तर मी काही ‘जा’ म्हटलं नसतं.